तीन लांब शिट्ट्या

क्रीडाशाळेच्या जलतरण तलावावरच्या मुलांनी तिचं नाव ‘शिट्टीमावशी’ ठेवलं, तेव्हा ती तिशीची होती. आता ती पन्नाशीला टेकली होती आणि तिचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकात पडून होतं. तिथला कारकूनसुद्धा अधूनमधून ‘शिट्टीबाई, सही!’ म्हणून हाक मारायचा आणि मग जीभ चावायचा.

ती जीवरक्षक होती. सकाळी मुलं यायच्या आधी येऊन ती तलावाभोवती अनवाणी एक फेरी मारायची. फरशी कुठे बुळबुळीत झालीय का, शिडीची दांडी हलतेय का, पाण्यात औषध जास्त पडलंय का, हे सगळं तिला तळपायांनी आणि नाकाने कळायचं. मग ती आपल्या उंच लोखंडी खुर्चीवर चढून बसायची. गळ्यात काळ्या दोरीला शिट्टी, मांडीवर लाल तरंगती नळी. तिथून पुढे साडेतीन तास ती नुसती बघत राहायची.

लोकांना वाटायचं, बसून राहण्याचं काम आहे. तिचा नवरा बसडेपोत मेकॅनिक होता. तो म्हणायचा, “मी दिवसभर गाड्यांखाली आडवा, आणि आमच्या राणीसाहेब सिंहासनावर!”

“सिंहासनावरून उडी मारावी लागते, ते तुम्हाला दिसत नाही,” ती म्हणायची.

वीस वर्षांत तिने अकरा जणांना पाण्यातून ओढून काढलं होतं. त्या अकरांपैकी एकानेही ‘वाचवा’ म्हणून हाक मारली नव्हती. बुडणाऱ्याला ओरडायला श्वासच उरत नाही, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं. नव्या जीवरक्षकांना ती एवढंच शिकवायची, की जो आरडाओरडा करतोय त्याच्यावर एक डोळा असू द्या, पण जो अचानक गप्प झालाय त्याच्यावर दोन्ही ठेवा.

त्या वर्षी गप्प झाली ती भिंगरी.

भिंगरी चौदा वर्षांची. बटरफ्लाय पोहताना तिचे हात असे फिरायचे, की तिच्या तुकडीने तिला हे नाव दिलं आणि मग सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. राज्य पातळीवर तिची वेळ दुसऱ्या नंबरची होती. सहा वर्षांची असल्यापासून ती या तलावावर यायची. कपडे बदलायच्या खोलीतून सगळ्यात आधी बाहेर पडायची, ओरडत, टॉवेल फिरवत, आणि खुर्चीखालून जाताना शिट्टीमावशीच्या पायाला गुदगुल्या करून पळायची. “एक दिवस पडेन ना गं मी तुझ्या अंगावर!” असं मावशीने म्हणायचं, हे ठरलेलंच.

त्या गुदगुल्या कधी थांबल्या, ते मावशीला नेमकं आठवत नव्हतं. याचाच तिला पुढे फार राग आला, स्वतःचा. आधी वाटलं, पोरगी मोठी झाली. मग दिसू लागलं, की भिंगरी आता सगळ्यात शेवटी बाहेर येते. पाण्याबाहेरसुद्धा डोळ्यांवरचा गॉगल काढत नाही. फेरी संपली की भिंतीला दोन्ही हातांनी धरून राहते, भिंत कुणी काढून नेणार आहे अशी.

तलावाच्या दारासमोर एक पांढरा फळा होता. दर मंगळवारी सर, म्हणजे प्रशिक्षक, सगळ्यांची वेळ लावायचे आणि फळ्यावर क्रमाने लिहायचे. शेवटची तीन नावं लाल शाईने. सर माणूस वाईट नव्हते. स्वतः चांगले पोहणारे होते, एका खांद्यावर शस्त्रक्रियेचा व्रण होता, पोरांसाठी सुट्टीच्या दिवशीही यायचे. पण त्यांच्या हातात स्टॉपवॉच आलं की त्यांना मुलं दिसायची बंद व्हायची, आकडे दिसायचे. प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर तिसऱ्या पायरीवर भिंगरीचे वडील बसायचे. सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांच्याही हातात स्वतःचं एक स्टॉपवॉच असायचं.

भिंगरीची वेळ तीन महिन्यांत पावणेदोन सेकंदांनी वाढली होती. फळ्यावर ती चौथी, मग सहावी, मग लाल शाईत गेली.

एका गुरुवारी सराव संपताना मावशीने नेहमीप्रमाणे डोकी मोजली. बावीस हवी होती, एकवीस भरली. तिने पुन्हा मोजली. मग खोल टोकाला, पाचव्या लेनमध्ये, तळाशी काहीतरी निळं दिसलं. भिंगरी तळाला मांडी घालून बसली होती.

मावशीने मनात आकडे धरले. वीस. तीस. मुलं असे खेळ करतात, तिला माहीत होतं. चाळीस झाले. शिट्टी वाजवायलाही न थांबता तिने खुर्चीवरून सूर मारला, भिंगरीला काखेत धरून वर आणलं.

भिंगरी बुडत नव्हती. खोकलीसुद्धा नाही. सगळ्या मुलांसमोर मावशीने तिला काठावर ढकलून बसवलं आणि कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळेच हसले.

“अहो बाई,” सर म्हणाले, “फुप्फुसाचा व्यायाम करत होती ती! सगळेच करतात.”

वडील पायऱ्यांवरून उतरून आले. “शेवटच्या दोन फेऱ्या राहिल्या होत्या तिच्या,” ते म्हणाले. “स्पर्धेला सोळा दिवस उरलेत. तुम्ही कशाला मध्ये पडता?”

मावशी ओलीचिंब उभी होती. ती भिंगरीच्या तोंडाकडे बघत होती. गॉगल निघून कपाळावर गेला होता आणि डोळे लाल होते. पाण्यातल्या औषधाने डोळे कसे लाल होतात हे मावशीला वीस वर्षांपासून ठाऊक होतं. ही लाली त्यातली नव्हती.

मुलं गेल्यावर ती कपडे बदलायच्या खोलीत गेली. लाकडी बाकावर भिंगरी टॉवेल गुंडाळून बसली होती. वडील बाहेर स्कूटरपाशी थांबले होते. मावशी शेजारी बसली, पण तोंडाकडे न बघता समोरच्या कपाटांकडे बघत.

“खाली काय करत होतीस गं?”

“काही नाही.”

“बरं.”

नळ ठिबकत होता. मावशीने घाई केली नाही.

“खाली कुणी बोलत नाही,” भिंगरी म्हणाली. “सर नाही, बाबा नाही. घड्याळाचा आवाज येत नाही. म्हणून बसते.”

“आणि वर आल्यावर?”

“वर आल्यावर पोटात गोळा येतो. उडी मारायच्या ठोकळ्यावर चढले की हातांना मुंग्या येतात. श्वास इथपर्यंतच येतो.” तिने गळ्याला हात लावला. “मग बाबा घरी जाताना बोलत नाहीत. जेवतानाही नाही. वेळ चांगली आली की बोलतात.” मग एकदम, हळू आवाजात, ती म्हणाली, “मावशी, परवा शाळेच्या जिन्यात मी मुद्दाम पायरी चुकवली. हात मोडला असता तर सहा आठवडे सुट्टी मिळाली असती. पण मोडलाच नाही. नुसतं खरचटलं.”

मावशीने आवाज तसाच शांत ठेवला, पाण्यात घाबरलेल्या माणसाशी बोलताना ठेवायची तसा. “बाळा, एक विचारते, खरं सांग. मला वाईट वाटेल म्हणून काही लपवू नकोस. जगूच नये, असं वाटतं का तुला कधी?”

भिंगरीने टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळलं. “नाही. तसं नाही. नुसतं थांबावंसं वाटतं. सगळं थांबावं.” मग ती वळली आणि ‘तुम्ही’ विसरून म्हणाली, “तू कुणाला सांगू नकोस ना.”

इथे मावशीला खोटं बोलता आलं असतं. ‘नाही सांगत’ म्हटलं असतं तर पोरगी हलकी झाली असती, निदान तेवढ्यापुरती.

“सांगणार आहे,” मावशी म्हणाली. “हे मी पोटात ठेवू शकत नाही, एवढं मोठं आहे ते. पण तुझ्यामागे नाही सांगणार. कुणाला सांगतेय, काय सांगतेय, ते आधी तुला कळेल. आज सरांना आणि मुख्याध्यापिकांना. आणि तुझ्या आईला. चालेल?”

भिंगरी रडायला लागली. पण तिने मान हलवली, आणि ती होकाराची होती.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बाई, स्पर्धेआधी सगळ्यांना असं होतं. मलाही व्हायचं. मी उलट्या करायचो. दाबातूनच पोहणारा घडतो. हिला आत्ता थांबवलं तर आयुष्यभर मनात भीती बसेल.”

“तुम्ही तिला विचारलंत का कधी, काय होतंय?”

“तिने सांगायला हवं ना! माझा दरवाजा उघडा असतो.”

“तुमच्या हातात घड्याळ असतं, सर. घड्याळ धरलेल्या माणसाला पोर काय सांगणार?”

सरांचा चेहरा बदलला. “तुम्ही पाण्याकडे बघा,” ते म्हणाले. “मुलांचं मी बघतो.”

मुख्याध्यापिका समजूतदार बाई होत्या, पण त्यांच्या टेबलावर कागदांचा ढीग होता आणि फोन वाजत होता. “स्पर्धा होऊ द्या,” त्या म्हणाल्या. “पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. मग आपण समुपदेशकांना बोलावू, रीतसर.”

“मॅडम, पाण्यात कुणी गटांगळ्या खात असेल तर मी पंधरा दिवसांनी उडी मारते का?”

“हे पाणी नाही, बाई.”

मावशी बाहेर आली ती पाय आपटत. दुपारच्या सुट्टीत ती बसने भिंगरीच्या आईच्या कामावर गेली. आई शर्ट शिवायच्या कारखान्यात कॉलर लावायची. सकाळच्या पाळीमुळे ती तलावावर कधीच येत नसे. फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर दोघी बसल्या. आईच्या केसांत, भुवयांत पांढऱ्या दोऱ्यांचे तंतू अडकले होते.

“मला वाटलं, वाढीचं वय आहे,” आई म्हणाली. “जेवताना ती ताटाकडे बघत नाही, बाबांच्या तोंडाकडे बघते. मी एकदा म्हटलं यांना, की जरा सैल सोडा. तर म्हणाले, तुला खेळातलं काय कळतं.”

“मलाही सर तेच म्हणाले आत्ता. म्हणजे आपण दोघी एकाच वर्गातल्या.”

आईला हसू आलं, आणि लगेच डोळे भरून आले. “मी बोलते आज,” ती म्हणाली. भोंगा झाला, ती आत गेली.

ती बोलली. घरात मोठा वाद झाला, असं नंतर कळलं. पण मंगळवारी सकाळी वडिलांनी भिंगरीला स्कूटरवर बसवून आणलंच.

त्या दिवशी वेळ लावायची होती. भिंगरी चौथ्या लेनच्या ठोकळ्यावर चढली. पहिल्यांदा तिने सरांच्या शिट्टीआधीच उडी मारली. सरांनी परत बोलावलं. दुसऱ्यांदा शिट्टी झाली, सगळे पाण्यात गेले आणि ती ठोकळ्यावरच राहिली, वाकलेली, बोटांनी कडा घट्ट धरून. पाठ भराभर वरखाली होत होती. ओठ पांढरे पडले होते.

“परत!” सर म्हणाले. “एकटी पोह. श्वास घे आणि उडी मार. सोपं आहे.”

“मार उडी!” तिसऱ्या पायरीवरून आवाज आला.

मावशी खुर्चीवरून बघत होती. तलावाच्या भिंतीवर नियमांची पाटी रंगवलेली होती. तिच्यातला नववा नियम कुणी कधी वाचत नसे. पोहणाऱ्याच्या जिवाला धोका आहे असं जीवरक्षकास वाटल्यास तो तलाव तत्काळ रिकामा करू शकेल, त्याचा निर्णय अंतिम राहील. वीस वर्षांत तिने तो तीनदा वापरला होता. दोनदा विजा कडाडत होत्या म्हणून आणि एकदा औषधाची टाकी फुटली म्हणून.

तिने शिट्टी तोंडात धरली. वाजवली तर काय होईल, हे तिला लख्ख दिसत होतं. तोंडघशी पडायची भीती तिलाही होती. गुरुवारचं ते हसू अजून कानात होतं.

तिने तीन लांब शिट्ट्या मारल्या.

मुलांना ती खूण पाठ होती. दुसऱ्या लेनची, पाचव्या लेनची, सगळी भराभर काठाला आली आणि वर चढली. सर गोंधळून वर छताकडे बघू लागले, मग पाण्याकडे.

“काय झालं?”

“तलाव बंद आहे,” मावशी म्हणाली आणि खाली उतरली. चालत चौथ्या लेनपाशी गेली. भिंगरीची बोटं एक एक करून कडेवरून सोडवली, तिला ठोकळ्यावरून उतरवलं, खाली फरशीवर बसवलं आणि आपला टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला. “माझ्याबरोबर श्वास सोड. घेऊ नकोस, नुसता सोड. असा. घ्यायचं आपोआप होईल.”

“बाई, हा काय तमाशा आहे?” सर तिच्यासमोर येऊन उभे राहिले. “कशासाठी बंद?”

“नियम नऊ.”

“तो विजेसाठी आहे!”

“नियमात वीज हा शब्द नाही. मी आजच दोनदा वाचलाय.”

वडील धावत खाली आले होते. ते काहीतरी मोठ्याने बोलणार होते. पण जवळ आल्यावर त्यांना मुलीचे हात दिसले, थरथर कापणारे. तिसऱ्या पायरीवरून ते दिसत नसावेत.

शिट्ट्या मारून तलाव रिकामा केला की जीवरक्षकाला एक अपघात नोंदणीचा फॉर्म भरून सुरक्षा समितीला द्यावा लागतो. मावशीने तो कार्यालयाच्या बाकावर बसून भरला. लिहिण्याची तिला सवय नव्हती. एक पान भरायला तासभर लागला. दोन दिवसांनी मुख्याध्यापिकांच्या खोलीत समितीचे दोघे सदस्य, सर आणि भिंगरीचे आईवडील बसले होते, आणि तो फॉर्म मोठ्याने वाचला गेला.

“पाण्याची खोली,” एक सदस्य वाचत होते, “लागू नाही. किती वेळ पाण्याखाली… अंदाजे तीन महिने?” त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “मदतीला कोण गेले… कुणीच नाही. मीसुद्धा उशिरा.” त्यांनी कागद खाली ठेवला. “बाई, हा विनोद आहे का?”

“नाही साहेब. दुसरा फॉर्म नव्हता शाळेत. गुडघ्याचा आहे, डोक्याला मार लागल्याचा आहे, बुडल्याचा आहे. मुलाच्या मनाचा नाही. म्हणून जवळचा होता तो भरला.”

दुसऱ्या सदस्याने विचारलं, “तुम्ही मानसशास्त्र शिकलाय का?”

“नाही.”

“मग तुम्हाला कसं कळलं?”

मावशीने हे आधी ठरवलं नव्हतं. पण ते बाहेर आलंच. “मी पोहायचे, साहेब. स्पर्धेत. सोळाव्या वर्षी सोडलं. घरी सांगितलं, कान दुखतो. कान कधीच दुखत नव्हता. ठोकळ्यावर चढले की मला आंधळं झाल्यासारखं व्हायचं. चौतीस वर्षं झाली. ‘खरंच कान दुखत होता का’ असं मला आजपर्यंत कुणी विचारलेलं नाही. ‘कसं कळलं’ असं विचारणारे तुम्हीच पहिले.”

सरांनी मान खाली घातली होती आणि ते खांद्याचा तो व्रण अंगठ्याने चोळत होते.

मग भिंगरीची आई बोलली. ती कामाची पाळी बुडवून आली होती. “माझी मुलगी जिन्यावरून मुद्दाम पडली,” ती म्हणाली. “तुम्ही नियम नऊ की दहा, ते बघत बसा. माझी मुलगी स्पर्धेला जाणार नाही. तिला डॉक्टरांकडे न्यायचं आहे. मी परवानगी मागत नाही, सांगतेय.” आणि नवऱ्याकडे वळून, “तुम्हीही चला. नाही आलात तर मी एकटी नेईन.”

वडील म्हणाले, “येतो.”

समितीने त्या दिवशी दोन ठराव केले, दोन्ही एकाच कागदावर. पहिला: जीवरक्षकाने नियमाचा चुकीचा वापर केल्याबद्दल तिला लेखी ताकीद देण्यात यावी आणि दोन आठवडे फाटकावर ओळखपत्रं तपासण्याचं काम द्यावं. दुसरा: शाळेत आठवड्यातून दोनदा समुपदेशक नेमावा. मावशीने दोन्हींखाली सही केली.

घरी तिने सगळं सांगितलं तेव्हा नवऱ्याला ताकीद वगैरे काही ऐकूच आलं नाही. तो कानापाशीच अडकला.

“म्हणजे कान दुखतच नव्हता?”

“नाही.”

“अगं, मी पंचवीस वर्षं बसमध्ये खिडकीकडे बसतोय! तुझ्या कानाला वारा लागू नये म्हणून! दर हिवाळ्यात कापूस आणतोय!”

ती हसत सुटली, इतकी की तिला भिंतीला टेकावं लागलं. त्याने तिला हसू दिलं. मग तिच्यासमोर बसून विचारलं, “आंधळं झाल्यासारखं म्हणजे कसं व्हायचं गं?” आणि तिने सांगितलं, पहिल्यापासून.

दोन आठवडे ती फाटकावर उभी राहिली, ऊन-वाऱ्यात, एकदाही रजा न घेता. आत येणारं प्रत्येक पोर ओळखपत्र दाखवताना हळू आवाजात काहीतरी बोलून जायचं. कुणी म्हणायचं, ‘मावशी, मलापण मुंग्या येतात.’ कुणी नुसतंच थांबायचं. ती म्हणायची, “समुपदेशक येणार आहेत सोमवारी. तू जाणार असशील तर मी दारापर्यंत येते.”

समुपदेशक बाई आल्या तेव्हा त्यांना बसायला जागा दिली ती सरांच्या केबिनला लागून, मध्ये काच. मावशी तिथूनच कार्यालयात गेली. “या खोलीत कुणी येणार नाही,” ती म्हणाली. “आत कोण गेलं, कोण रडलं, सगळं दिसतं.” कार्यालयाने जागा नाही असं सांगितलं. तिने पंपांच्या जुन्या सामानाची खोली दाखवली. त्यांनी म्हटलं, सामान कुठे ठेवणार. तिने नवऱ्याला आणि त्याच्या डेपोतल्या दोघांना एका रविवारी बोलावून सामान मागच्या शेडमध्ये हलवलं, भिंतींना चुना दिला आणि किल्ली नेऊन मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवली. खोलीला दोन दारं होती. एक तलावाकडे, एक मागच्या गल्लीत. मुलांना ती खोली त्यामुळेच आवडली.

सगळं काही गोड झालं असं नाही. तीन मुलांच्या पालकांनी त्यांना दुसऱ्या क्लबात नेलं. ‘इथे आता लाड चालतात’ म्हणाले. त्या वर्षी शाळेला एकच पदक मिळालं. ताकीद मावशीच्या फायलीतून कधीच निघाली नाही. सर तिच्याशी दोन महिने कामापुरतंच बोलले. पण एका मंगळवारी तलावाच्या दारासमोरचा फळा कोरा होता. सरांनी प्रत्येकाला बाजूला घेऊन त्याची वेळ त्याच्या एकट्याच्या कानात सांगितली. त्यांना ते जमत नव्हतं. आवाज मुळात मोठा, कुजबुजणंही सगळ्यांना ऐकू जायचं. मुलं हसली. तेही हसले, जरा ओशाळून. मग खुर्चीखाली येऊन, वर न बघता म्हणाले, “मी उलट्या करायचो, ते मी तुम्हाला अभिमानाने सांगितलं होतं, नाही का?”

“हो.”

“अभिमानाचं काही नव्हतं त्यात,” ते म्हणाले आणि निघून गेले.

भिंगरी सात आठवडे पाण्यात उतरली नाही. डॉक्टरांकडे दर बुधवारी जायची. वडील स्कूटरवरून न्यायचे आणि बाहेर बाकावर बसून राहायचे. स्टॉपवॉच त्यांनी घरी ठेवलं होतं, पण पहिल्या काही दिवसांत त्यांचा अंगठा आपोआप हलायचा, असं भिंगरीने हसत सांगितलं. आठव्या आठवड्यात ती आली, उथळ बाजूला उतरली आणि नुसतं पाठीवर पडून राहिली. पुढच्या वर्षी ती परत शर्यतीत उतरली, पण फक्त रिले संघात. एकटीने पोहायचं नाही, हे तिने स्वतः ठरवलं आणि सरांना स्वतः सांगितलं. तिची वेळ पूर्वीइतकी चांगली कधीच झाली नाही. तिला त्याचं दुःख नव्हतं असं नाही. एकदा ती मावशीपाशी त्यासाठी खूप रडली. मावशीने ‘असू दे’ म्हटलं नाही. शेजारी बसून राहिली.

त्याच वर्षाच्या अखेरीला मुख्याध्यापिकांनी मावशीला बोलावलं. शाळेच्या वार्षिक अहवालात मुलांच्या मनाच्या काळजीवर एक पान घालायचं होतं. इतर शाळांतून लोक ती खोली बघायला येत होते. “तुमचा फोटो टाकू या,” त्या म्हणाल्या. “आपल्या शाळेचा अभिमान आहात तुम्ही.”

“फोटो नको, मॅडम,” मावशी म्हणाली. तिने पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. तिच्या वाकड्यातिकड्या अक्षरातला अर्ज, खाली चौदा पालकांच्या सह्या. भिंगरीच्या वडिलांची सही पहिली होती. “ही मुलं अकरा महिने, आठवड्याचे सातही दिवस पाण्यात असतात. मला आठवड्यातून एक दिवस सुट्टी आहे. सरांना आहे. पंपाला आहे. मुलांना नाही.”

“बाई, वेळापत्रक बदलायचं म्हणजे सगळीकडे बदलायला लागेल. कुस्ती, धावणं, जिम्नॅस्टिक…”

“हो. सगळीकडे.”

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून डोळे चोळले. “आज मला वेळ नाही हो.”

“मला आहे,” मावशी म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढून बसली.